अंबाडा मावेल असं हेल्मेट

दुकानात पाऊल टाकल्याबरोबर आमच्या सूनबाईंनी आधी काय मागावं? मोबाइल अडकवायचा स्टँड! डोक्याचं नाही, गुडघ्याचं नाही, आधी मोबाइलची सोय. हँडलला घट्ट बसतो का, खड्ड्यात उडणार नाही ना, पावसाचं पाणी आत जातं का, हजार चौकशा. मी मागं स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन बसले होते. शेवटी राहवलं नाही.

"मोबाइल पडला तर फुटंल म्हणून एवढी काळजी," मी म्हटलं, "आणि तू पडलीस तर?"

"आत्या, हेल्मेट पण घेणारच आहे की."

"पण म्हणं! शेवटी भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं."

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. ही स्वप्नाली, माझी एकुलती एक सून. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करून आलेली. आल्या आल्या तिनं परड्यातल्या माझ्या कोंबड्यांना लस टोचली आणि विचारलं, "आत्या, एवढ्या कोंबड्या, आणि आपल्या घरात त्यातली एकही कधी कापत नाहीत. का हो?" मी म्हटलं, "तुला खायची असली तर बाजारातनं आण." पुन्हा काही तिनं विचारलं नाही. शहाणी आहे, पण जिथं शहाणपण दाखवायचं तिथं दाखवत नाही, ही माझी तक्रार.

त्या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. तिची सरकारी ऑर्डर आली होती. भुदरगडच्या डोंगरातला जनावरांचा दवाखाना आणि त्याखाली अकरा वाड्या. म्हैस अडली, गाय पान्हा चोरायला लागली की हिनं जायचं. एसटी तिकडं सकाळी एक आणि संध्याकाळी एक. स्कूटी त्या चढाला दम सोडते. म्हणून माझ्या मुलानं, रणधीरनं, आपली मोटारसायकल तिला दिली आणि स्वतः फाउंड्रीच्या बसनं जायला लागला. सोमवारी हजर व्हायचं होतं. हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि माझा होकार अजून मिळाला नव्हता.

आमच्या घरात मोठी गोष्ट माझ्या होकाराशिवाय होत नाही. कुणाला जुलूम वाटत असेल तर वाटो. मालक गेले तेव्हा रणधीर चार वर्षांचा होता. मी तिसरी शिकलेली. घर मी उभं केलं, घरातला शब्दही माझाच. रणधीरनं आठवडाभर माझ्या तोंडाकडं बघितलं आणि शेवटी म्हणाला, "आई, तिला हो किंवा नाही काहीतरी सांग." मी म्हटलं, "कोल्हापूरला जाऊन काय घेतेस ते मला दाखव. मग सांगते."

तर आम्ही कोल्हापुरात आलो. ती गाडीवरून, मी एसटीनं. मी मोटारसायकलवर बसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते कुणी विचारत नव्हतं.

दुकान इम्तियाज बागवान नावाच्या माणसाचं. पन्नाशीचा, पांढरी दाढी, गळ्यात मोजायची टेप, शिंप्यासारखी. भिंतीला खालपासून वरपर्यंत हेल्मेटं. एवढी डोकी एका जागी, आणि आत कुणी नाही. मला ते बरं वाटलं नाही.

"मावशी, चहा?"

"आधी माल दाखवा. चहा आमच्या गावात पण मिळतो."

हसला. वाईट नव्हता माणूस.

स्वप्नालीनं रणधीरचं जुनं हेल्मेट आणलं होतं. पट्टा तुटलेला. येताना म्हणे कोपरात अडकवलं होतं. आमचा सगळा जिल्हा हेल्मेट कोपरात नाहीतर आरशाला अडकवून फिरतो, जसा काही देवाला नारळ नेतात. इम्तियाजभाईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आतला फोम दाबून बघितला आणि गुपचूप कचऱ्याच्या पेटीजवळ ठेवलं.

मग सूनबाईंची यादी सुरू झाली. मोबाइलचा स्टँड झाला. गाडीवरच मोबाइल चार्ज करायचं यंत्र झालं. इम्तियाजभाईंनी हेल्मेटच्या आत बसवायचा टेलिफोन दाखवला, तो बघून झाला. हेल्मेटला लावायचा काडेपेटीएवढा कॅमेरा बघून झाला.

"कॅमेरा कशाला?"

"रस्ता दिसेल आत्या. ह्यांना घरी दाखवता येईल मी कुठं कुठं जाते ते."

"नवऱ्याला रस्ता दाखवायचा असला तर मागं बसवून ने."

इम्तियाजभाई काउंटरखाली वाकून हसायला लागले. स्वप्नालीचे कान लाल झाले. कॅमेरा परत गेला.

जाकिटं बघितली. एक काळं, जाड, कोपराला आणि खांद्याला आतून टणक चकत्या. मी हात लावून म्हटलं, "चैत्रात हे घालून ही भुईमुगाच्या शेंगेसारखी भाजून निघंल." त्यावर त्यांनी जाळीचं काढलं. वारा आत शिरतो, चकत्या तशाच. ते मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं, शिवण बघितली. शिवण मला कळते. घेतलं. गुडघ्याच्या वाट्या घेतल्या. हातमोजे घेताना तिनं बोटं उघडी राहतात असले निवडले.

"बोटं उघडी कशाला?"

"मोबाइलला हात लावता येतो."

"परत मोबाइल! म्हशीच्या पोटात हात घालणारी बाई तू, तुझी बोटं काय कामाची आहेत ते तुला मी सांगू?"

तिनं मुकाट्यानं पूर्ण बोटांचे घेतले.

आणि मग एकदाचं हेल्मेट. इम्तियाजभाईंनी टेप तिच्या भुवयांच्या वरून डोक्याभोवती फिरवली, आकडा बघितला आणि एक पांढरं हेल्मेट काढून दिलं. तिनं डोक्यावर ठेवलं. बसेना. मागं अडकलं.

आमच्याकडं घरातली सून बाहेर पडताना अंबाडा घालते. वेणी सोडून गावभर फिरायचं नाही, ही माझीच रीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तेवढी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. केस तिचे दाट, त्यामुळं अंबाडा चांगला वांग्याएवढा. तिनं दोन वर्षं एक दिवस चुकवला नव्हता. त्या दिवशी तर वर अबोलीचा गजराही होता, कारण मी बरोबर होते.

"एक नंबर मोठं द्या," ती म्हणाली. "अंबाडा मावला पाहिजे."

"ताई, मोठं सैल होणार."

"एक नंबरनं काय होतंय?"

त्यांनी एक नंबर मोठं दिलं. तेही अडलं. मग दोन नंबर मोठं. ते अंबाड्यावरून खाली उतरलं आणि बसलं. आरशात बघून ती खूश झाली. "बघा आत्या. अंबाडा पण राहिला आणि हेल्मेट पण."

इम्तियाजभाई माझ्याकडं बघत होते. मला कळलं की माणूस काहीतरी बोलायचं गिळतोय.

"बोला की," मी म्हटलं. "तोंडात सुपारी हाय काय?"

"मावशी, हेल्मेट कसं बघायचं ठाऊक आहे? गाल आत दाबले पाहिजेत. डोकं हलवलं की हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागाहून नाही. बायका येतात, सगळ्या अंबाडा मावेल असंच मागतात. आम्ही सांगतो. ऐकत नाहीत. घरचे रागावतात म्हणतात."

घरचे म्हणजे मी. मी उठले. तिच्याजवळ गेले. माठ घेताना वाजवतात तसं आधी ते बोटांनी वाजवलं.

"मावशी, माठ नाही तो."

"गप्प बसा."

हनुवटीखालचा पट्टा तिनं लावलेला होता, चांगला खटकन आवाज झालेला मी ऐकला होता. मी तिच्या मागं उभी राहिले. हेल्मेटाची मागची कड धरली आणि वर-पुढं एक हिसका दिला. फार जोर नाही. भाकरी उलटायला लागतो तेवढा.

हेल्मेट निघालं. पट्टा लावलेला असूनसुद्धा निघून माझ्या हातात आलं. तिचं डोकं तिकडं, हेल्मेट इकडं. आत बघितलं तर दोन अबोलीची फुलं पडलेली.

मला दुकानाचं काही दिसेना. मी ते उलटं हेल्मेट तसंच धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. आत पांढरा मऊ फोम, आणि त्यात ती दोन फुलं.

"आत्या? बरं वाटत नाही का? बसा."

"तू बस," मी म्हटलं.

तिला स्टुलावर बसवली. गजरा काढून माझ्या पिशवीत ठेवला. मग तिच्या अंबाड्याचे आकडे काढायला लागले. दुकानात दोन पोरं येऊन टायरची हवा बघायचं यंत्र विचारत होती, ती बघत राहिली. एक एक आकडा काढून मी तोंडात धरला. केस सोडले. ते कमरेखाली गेले.

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्या घरात केस नाहीत काय?"

कंगवा नव्हता. बोटांनीच केस विंचरले आणि मानेच्या खाली, पार पाठीवर, सैल वेणी घातली. डोक्याच्या मागं कुठं उंचवटा राहत नाही ना, हात फिरवून बघितलं. तिचं डोकं मी पहिल्यांदाच असं हातात घेतलं होतं. दोन वर्षं एका घरात, आणि सुनेच्या डोक्याला मागं उजव्या बाजूला लहानपणीची खोक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती माझ्या हातातली वेणी सोडवत नव्हती, मानसुद्धा हलवत नव्हती.

"पहिलं द्या," मी इम्तियाजभाईंना म्हटलं. "तिच्या मापाचं."

पांढरं बसलं. गाल आत दाबले गेले. मी पुन्हा मागून हिसका दिला. तिचं सगळं अंग हललं, हेल्मेट डोक्यावरच. दुसरा हिसका दिला. तिसरा.

"आत्या, मान निघेल."

"मान निघू दे. हेल्मेट निघता कामा नये."

इम्तियाजभाई टेप गळ्याभोवती टाकून हसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही उद्यापासून माझ्या दुकानात या."

"अजून झालं नाही. त्या डोक्यातल्या टेलिफोनचं काय म्हणत होता तुम्ही?"

ते दोन हेल्मेटांत लावायचं असतं. पुढचा आणि मागचा एकमेकांशी बोलतात, गाडी चालू असताना. जोडीच मिळते. स्वप्नालीनं मघाशी ते हातात घेऊन परत ठेवलं होतं. एकटीच जाणार, कुणाशी बोलायचं, म्हणाली होती.

"ते द्या. आणि दुसरं हेल्मेट मला."

"तुम्हाला?" दोघंही एकदम.

"मी एसटीची वाट बघत बसू काय आता?"

माझं डोकं टेपनं मोजलं. माझा अंबाडा कधीच लिंबाएवढा झालेला, तोही मी सोडला. राखाडी रंगाचं हेल्मेट बसलं. आत शिरल्यावर सगळ्या जगाचा आवाज लांब गेला. ती यंत्रं लावून, चालवून दाखवेपर्यंत तासभर गेला. चहा मग मी घेतला.

कागलपर्यंत मोठा रस्ता. मी एका अंगाला पाय टाकून बसलेली, एक हात तिच्या खांद्याला. पहिली दहा मिनिटं मी डोळेच उघडले नाहीत. मग कानात आवाज आला, अगदी उशाशी बसून बोलावं तसा.

"आत्या, ठीक आहात ना?"

"हां! ठीक हाय!"

"ओरडू नका. कानातच आहे मी."

"मग आधी सांगायचं नाही?"

ती हसली. तिचं हसू पण कानातच. घरात ती हसायची ते तोंडावर हात ठेवून, चुलीकडं वळून. असं मोकळं मी कधी ऐकलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. त्या वाड्यांची नावं सांगितली, कुठल्या वाडीला चढ आहे, कुठं ओढा. म्हैस अडली की आधी काय करायचं ते सांगितलं. गाडी खड्ड्याआधी हळू व्हायची, वळणाआधी हळू व्हायची, पुढच्या ट्रॉलीपासून लांब राहायची. मला गाडीतलं काही कळत नाही. पण मागं बसणाऱ्याचा जीव आपल्या हातात आहे हे चालवणाऱ्याला कळतंय की नाही, ते पाठीवरून कळतं.

मालकांच्या मागंही मी अशीच बसायचे. काळी राजदूत. ते वायरमन होते. गावातली पहिली मोटारसायकल त्यांची, आणि गावातलं पहिलं हेल्मेटही त्यांचंच. नारिंगी रंगाचं. कोल्हापूरहून आणलेलं.

मुरगूडच्या अलीकडं आमचा रस्ता फुटतो. दोन्ही बाजूंना ऊस. पुढं पाटाचं पाणी रस्त्याच्या कडेनं जातं, तिथं एक वळण आहे.

"इथं हळू घे."

"हळूच आहे आत्या."

"अजून हळू."

तिनं गाडी अगदी माणूस चालेल इतकी हळू केली. मी समोर बघत होते. तिच्या हेल्मेटाची मागची बाजू तेवढी दिसत होती, पांढरी. तिला माझं तोंड दिसत नव्हतं. म्हणून बोलले. नाहीतर आजतागायत बोलले नसते.

"मालक इथं पडले."

"ठाऊक आहे आत्या. ह्यांनी सांगितलंय."

"त्याला अर्धंच ठाऊक हाय."

गाडी चालत होती.

"त्यांच्याकडं हेल्मेट होतं. रोज घालायचे. लोक हसायचे. बायका पाण्याला गेल्या की मला म्हणायच्या, तुझा नवरा चंद्रावर चाललाय का गं? मला लाज वाटायची. एवढी लाज वाटायची, स्वप्नाली. मी म्हणायचे, गावात तरी काढा ते. ते ऐकायचे नाहीत."

"मग?"

"परड्यात खुंटीवर असायचं ते. एकदा खाली पडलं, उलटं. आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, ती जाऊन त्यात बसली. मीच खाली भुसा टाकला. मीच सात अंडी ठेवली. मालक म्हणाले, अगं, माझं टोपडं. मी म्हटलं, खुडूक बसलेली कोंबडी उठवतात काय? एकवीस दिवस थांबा. ते हसले. म्हणाले, बसू दे, माझ्यापेक्षा तिला गरज जास्त आहे. आणि मला," माझा आवाज कसातरी झाला, तो माझ्याच कानात मला ऐकू आला, "मला आनंद झाला. एकवीस दिवस कुणी हसणार नाही म्हणून."

पाटाचं पाणी बाजूनं वाहत होतं.

"एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला निघाले. पाट फुटून रस्त्यावर चिखल आला होता. गाडी घसरली. जोरात नव्हते. हाताला खरचटलं नव्हतं, पायाला नव्हतं. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. नुसतं डोक्याच्या मागं."

"आत्या..."

"रक्षाविसर्जनाहून माणसं परत आली आणि परड्यात पिल्लं चिवचिवत होती. सातच्या सात निघाली. कोंबडी त्यांना घेऊन बाहेर पडल्यावर मी ते हेल्मेट उचललं. आत टरफलं."

गाडी थांबली होती. कधी थांबली मला कळलं नाही. तिनं दोन्ही पाय टेकले होते. ना तिनं हेल्मेट काढलं, ना मी.

मग ती म्हणाली, "ह्या कोंबड्या त्याच का? आपल्या परड्यातल्या?"

"त्यांच्या पोरींच्या पोरी."

"म्हणून कापत नाही आपण."

मी मान हलवली, तिला ती दिसणार नव्हती तरी.

"आत्या, एकोणिसाव्या दिवशी कोंबडी उठवली असती तर सगळी अंडी गेली असती. मामंजींना ते कळत होतं. त्यांनी ठेवलं ते हेल्मेट. तुम्ही एकटीनं नाही."

"डॉक्टरकी मला शिकवू नको. मी लाजले होते. ते माझं मला ठाऊक."

तिनं पुढं समजूत घातली नाही. हे तिचं मला फार आवडलं. तिचा एक हात मागं आला आणि माझ्या गुडघ्यावर बसला, नवा हातमोजा घातलेला. आणि कानात नाक ओढल्याचा आवाज.

"रडतेस काय?"

"नाही."

"रडू नको. आतून काचेवर वाफ धरंल, समोरचं दिसायचं नाही."

"काच वर करते."

"कर. नाक पूस. आणि आता मी काय सांगते ते ऐक, दुसऱ्यांदा सांगणार नाही. अंबाडा गावात फिरताना घालायचा, गाडीवर वेणी, ती मी घालून देईन, रोज सकाळी. घरी आलीस की हेल्मेट परड्यात नाही, माझ्या खोलीत खुंटीला. मोबाइल, स्टँड, तो तुझा चार्जर, काय घ्यायचं ते तू घे. गाडी तू चांगली चालवतेस. पण हेल्मेट तुला निवडता येत नाही, पोरी, ते मी निवडणार. सोमवारी हजर हो."